अंमल : एका शब्दाचा अभ्यास



आपल्या भाषेत काही शब्द असे आहेत की, ते नीट उलगडून पाहिले असता त्यांच्या पोटी समाजाच्या इतिहासाचा मोठा भाग सापडतो. ‘अंमल’ हा असाच एक शब्द होय. तो मूळचा अरबी. तेथे त्याचा अर्थ ‘कृती’ अथवा ‘काम’ असा आहे. फारसीच्या वाटेने तो मराठीत आला आणि येथे त्यास दोन अर्थ प्राप्त झाले. पहिला अर्थ सत्तेचा. ‘अठराव्या शतकात माळव्यावर मराठ्यांचा अंमल बसला’ असे आपण इतिहासाच्या तासाला म्हणतो. अंमलदार, अंमलबजावणी हे शब्द त्याच कुळातील. दुसरा अर्थ नशेचा. ‘त्याला भांगेचा अंमल चढला’ असे आपण म्हणतो आणि गांजा, चरस, अफू यांस ‘अंमली पदार्थ’ असे नाव देतो. आपल्या माळव्याच्या बोलीने तर याही पुढचे पाऊल टाकले आहे. तेथे ‘अमल’ म्हणजे प्रत्यक्ष अफूच.

राज्य आणि नशा हे दोन अर्थ प्रथमदर्शनी परस्परांपासून फार दूरचे वाटतात. परंतु थोडा विचार केला तर ते एकच आहेत असे दिसून येईल. परकी सत्ता देशात येते तेव्हा ती ‘मी राज्य करावयास आले आहे’ असे सांगत नाही. ती व्यापारी म्हणून येते, एक वखार मागते, मग वखारीच्या रक्षणासाठी चार शिपाई ठेवते आणि एके दिवशी आपल्याच दरबारात आपल्याला उभे राहावयास सांगते. नशेची रीत याहून वेगळी नाही. तीही पाहुण्याच्या, वैद्याच्या अथवा मित्राच्या रूपाने घरात शिरते. तिने आपले खरे नाव सांगितले असते तर तिला दारातूनच परत पाठविणारी माणसे पुष्कळ निघाली असती.

यालाच जोडून दुसरा शब्द पाहू. ‘व्यसन’ हा संस्कृत शब्द ‘संकट’ आणि ‘वाईट सवय’ अशा दोन्ही अर्थांनी येतो. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातील आठवे अधिकरण व्यसनांविषयीच आहे; त्यात राज्यावर येणारी संकटे आणि राजाच्या अंगी जडणारे दुर्गुण या दोहोंचा विचार एकाच नावाखाली केलेला आहे. पूर्वजांनी संकट आणि सवय यांस एकच शब्द वापरला, यात मोठे शहाणपण आहे. आपण मात्र संकट ओळखतो आणि सवय ओळखत नाही.

हे राज्य आपल्या डोळ्यांदेखत, आपल्याच घरांत चालू असता आपणांस ते दिसत का नाही, हा या लेखाचा प्रश्न आहे. त्याचे उत्तर शोधण्यासाठी दूर जावयास नको. आपला माळवाच त्याचा उत्तम पाठ आहे.

शेतातील काळे सोने

मंदसौर, नीमच आणि रतलाम या जिल्ह्यांत माघ-फाल्गुनाच्या सुमारास प्रवास केला तर पांढऱ्या फुलांनी भरलेली शेते दिसतात. ती खसखशीची, म्हणजेच अफूची शेते होत. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पेरणी होते. फुले गळून पडली की हिरवी बोंडे उरतात. शेतकरी दुपारनंतर त्या बोंडांस बारीक पात्यांच्या हत्याराने चिरा देतात. रात्रभर त्यांतून पांढरा चीक पाझरतो, हवेने तपकिरी होतो आणि सकाळी तो खरवडून घेतात. हीच अफू. चिरा देण्यापूर्वी काही गावी कालीमातेची पूजा करण्याची चाल आहे. या पिकास लोक ‘काळे सोने’ म्हणतात.

आज ही शेती केवळ शासनाच्या परवान्यानेच करता येते. ग्वाल्हेर येथे मुख्य कचेरी असलेला केंद्रीय नार्कोटिक्स ब्यूरो हे परवाने देतो आणि शेतकऱ्याने काढलेली अफू शासनाच्या स्वाधीन होते. नीमच व गाझीपूर येथील सरकारी कारखान्यांत तीपासून औषधी द्रव्ये काढतात. त्यांतील प्रमुख मॉर्फिन. जर्मनीतील फ्रीडरिश झेर्ट्युर्नर या तरुण औषधनिर्मात्याने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी ते प्रथम वेगळे काढले. कर्करोगाच्या असह्य वेदनेने तळमळणाऱ्या रुग्णास ते आजही वरदानासारखे आहे आणि अशा रुग्णांना ते सुलभतेने मिळावे म्हणून आपल्या संसदेने २०१४ साली कायद्यात दुरुस्तीही केली. म्हणून या वनस्पतीचा द्वेष करावयाचे कारण नाही. दोष बोंडात नाही. वैद्याच्या हातातील मात्रा आणि घरातील डबीतील गोळी यांत जे अंतर आहे, ते आपण विसरतो, तेथे दोष सुरू होतो.

मॉर्फिन शरीरात कसे काम करते, हेही विद्यार्थ्यांनी समजून घ्यावे. आपल्या मेंदूच्या पेशींवर काही विशिष्ट जागा असतात. त्यांस कुलपे म्हणा. शरीर स्वतःच वेदना शमविणारी काही द्रव्ये तयार करते; ती त्या कुलपांच्या किल्ल्या. या जागांचा शोध १९७३ मध्ये आणि शरीरातील त्या द्रव्यांचा शोध १९७५ च्या सुमारास लागला. अफूतील द्रव्य म्हणजे त्याच कुलपाला लागणारी बनावट, पण फार जोरकस किल्ली. ती वारंवार फिरविली की शरीर तिला सरावते. कालच्या मात्रेने आज काम होत नाही, मात्रा वाढवावी लागते आणि ती न मिळाल्यास अंग मोडून येणे, पोटात मुरडा, निद्रानाश, घाम अशी पीडा सुरू होते. या अवस्थेत माणूस सुखासाठी नशा करीत नाही. केवळ पीडा टळावी म्हणून करतो. अंमल बसला म्हणतात तो हा.

पाळण्यापाशी आणि बैठकीत

आता या वस्तूने समाजात कोणकोणती नावे धारण केली, ते पाहू.

पहिले नाव ‘पाहुणचार’. माळवा, राजपुताना आणि सौराष्ट्र या भागांत लग्नकार्य, सोयरीक किंवा तंट्याचा समेट अशा प्रसंगी अफू पाण्यात घोळून, गाळून, तळहातावर पाहुण्यास देण्याची चाल होती. तिला कसुंबा किंवा अमलपाणी म्हणत. देणाऱ्याचा हात मागे ढकलणे म्हणजे वैर पत्करणे असे मानले जाई. म्हणजे जो घेत नाही, तोच असभ्य ठरे.

दुसरे नाव ‘बाळाचे औषध’. मूल रडते आहे, दात येत आहेत, पोट बिघडले आहे अथवा आईला कामावर जावयाचे आहे, अशा वेळी अफूचा अंश असलेली बारीक गोळी दुधातून किंवा मधातून देत. तिला बाळगोळी म्हणत. ही रीत केवळ खेड्यांतली नव्हती. १९२२ च्या सुमारास मुंबईतील गिरण्यांत काम करणाऱ्या स्त्रियांच्या स्थितीची पाहणी सरकारने एका स्त्री-डॉक्टरकडून करविली, तेव्हा त्या स्त्रियांच्या जवळजवळ सर्वच तान्ह्या मुलांना अफू दिली जाते, असे आढळून आले. त्या मातांना निर्दय म्हणण्याची घाई करू नये. दिवसभर सांच्यावर उभे राहावयाचे, घरी मूल सांभाळावयास कोणी नाही आणि उपाशी मूल रडले तर शेजार त्रासतो, अशा पेचात त्या होत्या. गोळीने मूल निजत असे. परंतु त्याची भूकही निजत असे आणि मात्रा किंचित अधिक झाली तर श्वासही. शांत झोपलेले मूल आणि गुंगीत पडलेले मूल दुरून अगदी सारखे दिसते. या साम्यातच सारा घात आहे.

तिसरे नाव ‘बळ’. कष्टकऱ्याने थकवा घालविण्यासाठी, म्हाताऱ्याने खोकला आणि सांधेदुखी दबावी म्हणून चिमूटभर अफू घ्यावी, हे घराघरांत सर्वमान्य होते. १८९३ मध्ये ब्रिटिश सरकारने अफूच्या चौकशीसाठी एक राजकीय आयोग नेमला. १८९५ मध्ये त्याचा अहवाल आला, तो या सर्वमान्यतेचाच आधार घेऊन. अफू हे येथील लोकांचे घरगुती औषध आहे, बहुतेक लोक ती मर्यादेने घेतात, तेव्हा तिच्यावर बंदीची गरज नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. पाहुणचार, औषध आणि बळ या तीन नावांखाली एकाच घरातील तीन पिढ्या एकाच वस्तूच्या अंमलाखाली असत आणि त्या घरास विचारले असता ‘आमच्याकडे व्यसन कोणालाच नाही’ असे उत्तर मिळे. ते उत्तर खोटे बोलण्याच्या हेतूने दिलेले नसे, ही त्यातील सर्वांत खेदाची गोष्ट होय.

वजनकाट्यावर

चौथे नाव सर्वांत प्रतिष्ठित होते. ते म्हणजे ‘महसूल’.

महिदपूरच्या लढाईनंतर ६ जानेवारी १८१८ रोजी मंदसौरचा तह झाला, होळकरांची राजधानी इंदूरला आली आणि इंग्रजांचा रेसिडेंटही येथेच राहू लागला. आपल्या शहरातील रेसिडेन्सीचा भाग आजही त्या नावाने ओळखला जातो. बंगाल व बिहारमधील अफूचा मक्ता ईस्ट इंडिया कंपनीने पूर्वीच आपल्याकडे घेतला होता. परंतु माळव्याची अफू होळकर, शिंदे आणि इतर संस्थानिकांच्या मुलखात पिकत असल्याने तिच्यावर कंपनीचा हात चालेना. कंपनीने मुंबईची वाट अडवावी, तर व्यापाऱ्यांचे तांडे मारवाड आणि सिंधमधून कराचीस जात व तेथून माल पोर्तुगिजांच्या ताब्यातील दमण बंदरात आणून चीनकडे रवाना करीत. अखेर कंपनीने लढा सोडला आणि हिशेब धरला. १८३१ पासून परवान्याची पद्धत आली. सुमारे ६३ किलो वजनाच्या प्रत्येक पेटीमागे १७५ रुपये भरा, परवाना घ्या आणि माल खुशाल मुंबईस न्या. या व्यवहाराचे मुख्य ठाणे इंदूर होते. येथे पेट्या काट्यावर चढत, शुल्क जमा होई आणि बैलांचे तांडे घाटाकडे निघत. १८४३ मध्ये इंग्रजांनी सिंध जिंकल्यावर ती आडवाट बंद झाली आणि परवान्याचे शुल्कही पुढे वाढत गेले.

हा माल चीनमध्ये कोणाच्या घरी जाई, हा प्रश्न येथील काट्यापाशी विचारला जात नसे. चीनच्या बादशहाने अफूवर बंदी घातली होती. तरीही ती चोरवाटेने तेथे उतरे. १८३९ मध्ये लिन झेशू या चिनी अधिकाऱ्याने परदेशी व्यापाऱ्यांकडील २०,००० हून अधिक पेट्या ताब्यात घेऊन नष्ट केल्या. त्यांत माळव्याची अफूही होती. त्यावरून युद्ध पेटले, १८४२ मध्ये चीनला तह करावा लागला आणि व्यापार चालूच राहिला. दहा वर्षांत टप्प्याटप्प्याने ही निर्यात बंद करावयाची असे १९०७ मध्ये इंग्लंड व चीन यांच्यात ठरले आणि १९१३ मध्ये ती थांबली. म्हणजे जवळजवळ एक शतकभर आपल्या प्रदेशातील शेतकरी, सावकार, संस्थानिक, आडते आणि परके सरकार असे सगळे या एका वस्तूवर अवलंबून होते. या साखळीतील प्रत्येक जण आपापल्या गावी प्रतिष्ठित होता. कोणीही स्वतःस नशेचा विक्रेता म्हणवीत नव्हता. एक शेतकरी होता, एक व्यापारी होता, एक अंमलदार होता.

स्वातंत्र्यानंतर १९४९ मध्ये आपल्या सरकारने औषधाखेरीज होणारा अफूचा वापर दहा वर्षांत बंद करण्याचे ठरविले आणि १९५९ पासून, नोंदलेले जुने व्यसनी वगळता, तो वापर बेकायदा झाला. पुढे १९८५ मध्ये अंमली पदार्थांविषयीचा व्यापक कायदा आला.

परदेशातील बाटल्या

हे अज्ञान केवळ आपल्या देशाचे होते असे मात्र समजू नये. अमेरिकेत १८४९ पासून ‘मिसेस विन्स्लोज सूदिंग सिरप’ या नावाचे एक बालऔषध विकले जाऊ लागले. दात येणाऱ्या मुलांना शांत करणारे म्हणून ते घरोघरी गेले. त्यात मॉर्फिन होते. आपली बाळगोळी आणि ती सुबक बाटली यांत वेष्टनापलीकडे फारसा भेद नव्हता. १८९८ मध्ये जर्मनीतील बायर कंपनीने मॉर्फिनपासून तयार केलेले एक नवे द्रव्य खोकल्यावरील औषध म्हणून बाजारात आणले आणि त्यास ‘हेरॉइन’ असे वीरश्रीचे नाव दिले. ज्या द्रव्याने पुढे जगभर लाखो तरुणांचे आयुष्य उद्ध्वस्त केले, ते प्रथम खोकल्याच्या औषधांच्या फळीवर सभ्यपणे उभे होते.

आजचे घर

‘हा झाला इतिहास, आज आपण सुशिक्षित आहोत’ असे कोणी म्हणेल. तर आता आजच्या घराकडे वळू.

पहाटे उठून भाजलेल्या तंबाखूची मिश्री दातांस लावणाऱ्या कितीतरी आज्या, आत्या आणि मावश्या महाराष्ट्रातील घरांत आहेत. त्यांना विचारा, त्या ‘दात घासते’ असे सांगतील. दात एकदा घासून होतात. मिश्री मात्र दिवसातून तीन-चार वेळा लावावी लागते आणि न लावल्यास डोके दुखते. तपकीर ओढणारे आजोबा ‘सर्दी मोकळी होते’ म्हणतात. तंबाखूयुक्त दंतमंजनावर आपल्या देशात १९९२ पासून बंदी आहे. पण घरच्या तव्यावर भाजलेल्या मिश्रीपर्यंत ती कशी पोहोचणार? मध्य प्रदेशाने १ एप्रिल २०१२ पासून गुटख्यावर बंदी घातली, आणि असे करणारे ते देशातील पहिले राज्य ठरले. त्यानंतर अनेक ठिकाणी पानमसाल्याची एक पुडी आणि तंबाखूची दुसरी पुडी अशा दोन पुड्या शेजारी शेजारी टांगल्या गेल्या. गुटखा गेला, म्हणजे त्याचे नाव गेले.

माझी मातृभाषा कोंकणी. आमच्या किनारपट्टीवर पडसे झाले की छातीस चोळावयास आणि चमचाभर पोटात घ्यावयास काजूची फेणी काढतात. कोंकणीत दारूस ‘सोरो’ म्हणतात. परंतु औषधाच्या त्या चमच्यास कोणी सोरो म्हणत नाही. तो शब्द शेजाऱ्याच्या पेल्यासाठी राखून ठेवलेला असतो. तात्पर्य, प्रत्येक प्रांताने आपापल्या नशेस एक सोज्ज्वळ नाव दिले आहे. माळव्यात भांगेस ‘प्रसाद’ म्हणतात, संस्कृतात तिचेच नाव ‘विजया’. शहरांतील मेजवानीत दारूस ‘सोबत’ म्हणतात. झोपेची आणि वेदनाशामक गोळी वैद्याने सात दिवसांसाठी लिहून दिलेली असता ती सात महिने चालू राहते. तिलाही आपण ‘माझी गोळी’ म्हणतो. कोडीनयुक्त खोकल्याच्या औषधाच्या बाटल्या ज्याला खोकला नाही अशा तरुणाच्या खोलीत सापडतात. आणि सर्वांत दुःखद गोष्ट ही की, व्हाइटनर किंवा पंक्चर जोडण्याचे सोल्यूशन यांसारख्या साध्या वस्तूंचा वास नशेसाठी घेण्याचे प्रमाण प्रौढांपेक्षा मुलांत अधिक आहे. या वस्तू दप्तरात किंवा सायकलच्या दुकानात दिसल्या तर कोणास संशय यावा?

हे किती व्यापक आहे, ते थोड्या आकड्यांवरून पाहू. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने केंद्र शासनासाठी केलेल्या देशव्यापी पाहणीचा अहवाल २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार १० ते ७५ वर्षे वयाच्या भारतीयांपैकी १४.६ टक्के, म्हणजे सुमारे १६ कोटी लोक मद्य घेतात. त्यांपैकी ५ कोटी ७० लाखांहून अधिक लोकांना त्यासाठी मदतीची गरज आहे. अफू व तत्सम पदार्थ घेणारे सुमारे २ कोटी २६ लाख आहेत. २०१६-१७ मधील दुसऱ्या एका राष्ट्रीय पाहणीत प्रौढांपैकी २८.६ टक्के लोक कोणत्या ना कोणत्या स्वरूपात तंबाखू घेतात असे आढळले. स्त्रियांतील हे प्रमाण १४.२ टक्के, म्हणजे दर सात स्त्रियांमागे एक असे होते.

परंतु या सर्वांहून अधिक बोलका आकडा आणखी एक आहे. मद्याच्या पुरत्या आहारी गेलेल्या ३८ जणांपैकी केवळ एकास कोणत्या तरी प्रकारचा उपचार मिळतो. उरलेले ३७ कोठे आहेत? ते रस्त्याच्या कडेस पडलेले नाहीत. ते दुकानात बसतात, कचेरीत सह्या करतात, बस चालवितात, लग्नात पंगत वाढतात. ते आपल्यात आहेत.

झाकण कोण घालतो?

पूर्वी मान्यतेने व्यसन झाकले जाई. आज पुष्कळदा लज्जेने झाकले जाते. परिणाम एकच. राम गणेश गडकरी यांचे ‘एकच प्याला’ हे नाटक १९१९ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर थोड्याच दिवसांत, रंगभूमीवर आले. त्यातील सुधाकर हा अडाणी अथवा दुष्ट मनुष्य नव्हे. तो बुद्धिमान वकील आहे. अपमानाने पोळलेल्या मनाला थोडी विश्रांती म्हणून तळीराम त्याच्यापुढे पहिला प्याला करतो. येथेही दारूचे नाव ‘विश्रांती’ असेच आहे. आणि साध्वी सिंधू पतीचा दोष जगापासून झाकीत राहते. प्रेक्षक तिच्यासाठी रडतात, आणि ते योग्यच आहे. परंतु अभ्यासकाने आणखी एक प्रश्न विचारला पाहिजे : तिच्या त्या झाकण्याने सुधाकर वाचला काय?

आजही हेच चालते. पत्नी कचेरीत कळविते, ‘त्यांना ताप आला आहे.’ आई सांगते, ‘त्याची प्रकृतीच नाजूक.’ लहान मुलगा दारात आलेल्या मित्रास म्हणतो, ‘बाबा झोपले आहेत, आपण बाहेर खेळू.’ प्रत्येक जण प्रेमाने एक एक झाकण घालतो आणि त्या झाकणांखाली रोग वाढत राहतो. रोग हा शब्द मी विचारपूर्वक वापरला आहे. शरीराच्या कुलूप-किल्लीचे जे वर्णन वर केले, ते लक्षात घेतल्यास अंमल बसलेल्या मनुष्यास केवळ ‘मनाचा निग्रह कर’ असे सांगणे किती अपुरे आहे, हे कळून येईल. क्षयरोग्यास आपण केवळ निग्रह करावयास सांगत नाही. औषध देतो आणि जोडीस धीर देतो. येथेही दोन्ही हवीत.

या वाचकांत काही विद्यार्थी असे असतील की, ज्यांच्या घरी हे दुःख आहे. त्यांना मला दोन गोष्टी सांगावयाच्या आहेत. तुमच्या वडिलांच्या, भावाच्या किंवा आणखी कोणाच्या व्यसनास तुम्ही कारण नाही. तुमचे गुण कमी पडले म्हणून कोणी पीत नाही. आणि हे गुपित एकट्याने वाहण्याची जबाबदारी तुमची नाही. विश्वासाच्या एका वडीलधाऱ्या माणसास, मग ती आजी असो, मामा असो की वर्गशिक्षिका, ते सांगणे ही चुगली नव्हे. घराची अब्रू त्याने जात नाही.

उपायाचा विचार

मग करावयाचे काय? प्रथम, वस्तूस तिच्या नावाने हाक मारावी. मिश्रीस तंबाखू म्हणावे, फेणीस दारू म्हणावे आणि जी गोळी घेतल्यावाचून दिवस जात नाही तिच्याविषयी वैद्यास सरळ विचारावे. मात्र दीर्घकाळ चालू असलेली दारू किंवा झोपेची गोळी एकाएकी स्वतःच्या मनाने तोडू नये. त्यातून प्राणावर बेतू शकते. ते काम वैद्याच्या देखरेखीखालीच व्हावे.

दुसरे, कायदा जाणून घ्यावा. मुलांना मद्य, तंबाखू अथवा अंमली पदार्थ देणाऱ्यास २०१५ च्या बालन्याय कायद्यानुसार सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. शाळेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखूची विक्री २००३ च्या कायद्याने निषिद्ध आहे. आणि जी गोष्ट फार थोड्यांस ठाऊक आहे ती ही : व्यसनी मनुष्य स्वतः होऊन उपचारास तयार झाला, तर केवळ सेवनासारख्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात त्यास खटल्यापासून संरक्षण देण्याची तरतूद १९८५ च्या कायद्यातच आहे. भीतीने लपून राहावयाचे कारण त्यामुळे पुष्कळ कमी होते. १४४४६ हा व्यसनमुक्तीसाठी असलेला निःशुल्क राष्ट्रीय दूरध्वनी क्रमांक प्रत्येक घरी लिहून ठेवावा.

तिसरे, बरे होता येते यावर विश्वास ठेवावा. पुण्यात १९८६ मध्ये डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी पु. ल. देशपांडे व सुनीताबाई यांच्या साहाय्याने ‘मुक्तांगण’ हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले. तेथून बाहेर पडलेली अनेक माणसे पुढे इतरांना आधार देण्याच्या कामास लागली. एकदा पाय घसरला म्हणजे सारे संपले असे नसते. पुन्हा घसरणे हाही या रोगाचाच एक भाग आहे आणि पुन्हा उठणे हा उपचाराचा.

आपले इंदूर शहर २०१७ पासून वर्षानुवर्षे देशातील सर्वांत स्वच्छ शहर म्हणून गौरविले गेले. ते यश केवळ झाडूने मिळालेले नाही. घरोघरी ओला कचरा वेगळा, सुका वेगळा करण्याची सवय लागली, म्हणजे प्रत्येक घराने ‘हा कचरा आहे आणि तो माझ्याच घरातील आहे’ हे मान्य केले, तेव्हा ते मिळाले. व्यसनाच्या बाबतीत हे मान्य करणे अधिक कठीण आहे, कारण येथे कचऱ्याबरोबर माणूसही टाकून देण्याची भीती वाटते. तो टाकावयाचा नाही. अंमल उठवावयाचा आहे आणि माणूस राखावयाचा आहे.

विचारासाठी प्रश्न

१. ‘अंमल’ या शब्दाचे दोन अर्थ सांगा व ते परस्परांशी कसे जुळतात ते स्वतःच्या शब्दांत लिहा.

२. माळव्यात अफूने कोणकोणती नावे धारण केली होती? त्यांपैकी कोणते नाव तुम्हांस सर्वांत घातक वाटते, आणि का?

३. बाळगोळी देणाऱ्या गिरणी-कामगार मातेस दोष द्यावा काय? दोन्ही बाजूंनी विचार करा.

४. आपल्या घरातील वडील माणसांशी बोलून, पूर्वी औषध समजली जाणारी पण आज अपायकारक ठरलेली एखादी वस्तू शोधून काढा. ती प्रथम घरात कोणत्या नावाने आली, हे अवश्य विचारा.